वाळवणारं मशीन

"यात कपडे वाळूनपण निघतात का?" यांनी विचारलं, आणि दुकानातली ती पोरगी आधी यांच्याकडे, मग काचेबाहेर, मग माझ्याकडे बघायला लागली. बाहेर मार्चचा शेवटचा आठवडा. अमरावतीचा मार्च. सकाळचे साडेदहाच वाजलेले आणि समोरच्या रसवंतीवाल्याने आत्ताच डोक्यावर ओला दुपट्टा टाकलेला. आमच्याकडे या दिवसांत दोरीवरच्या शेवटच्या कपड्याला चिमटा लावेपर्यंत पहिला टॉवेल कडक झालेला असतो, घडी घालताना आवाज येतो त्याचा. अशा गावात, अशा महिन्यात, बहात्तर वर्षांचा शहाणा माणूस, अकोल्याच्या कोर्टात चाळीस वर्षं उलटतपासण्या घेतलेला, कपडे वाळवणारं मशीन मागतो! पोरीच्या खिशावर 'वर्षाली' अशी पट्टी होती. ती हसू दाबत म्हणाली, "काकाजी, वाळवाले तं ऊन हाय ना. एवढं ऊन कोणाले भेटते?" शेजारी टीव्ही बघत असलेलं जोडपंही हसलं. मीही हसले असते, पण हे हसले नाहीत. कोर्टातल्या सवयीने हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "ऊन आहे हे मला ठाऊक आहे. वाळून निघतात का, तेवढं सांगा." झालं. मी मनात म्हटलं, कुंदाबाई, आता ऊनही विटाळलं. माणसं विटाळून झाली, मोलकरीण विटाळून झाली, बायको विटाळून झाली, उरलं होतं ते ऊन.

जगाचे हे बापूसाहेब, माझे नुसतेच 'हे'. वकिली थांबवून आम्ही अकोल्याची जठारपेठेतली भाड्याची जागा सोडली आणि इथे अमरावतीला आलो, लेक जुईली दोन गल्ल्या सोडून राहते म्हणून. फ्लॅट एवढासा. एक हॉल, एक झोपायची खोली, स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे चार फूट बाय साडेतीन फुटांची धुण्याची बाल्कनी. तिथेच नळ, तिथेच बादल्या, तिथेच केरसुणी, आणि गेल्या गणपतीपासून तिथेच, छतापासून वीतभर खाली, यांची सोवळ्याची दांडी. सोवळं म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. आमच्या सासऱ्यांच्या पिढीत पूजेचं धोतर स्वतः धुवायचं, काठीने उंच दांडीवर टाकायचं, आणि ते वाळून अंगावर येईपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. शिवलं की गेलं, पुन्हा धुवा. हे सगळं यांनी आयुष्यभर हसण्यावारी नेलं. अकोल्याच्या स्टेशनसमोर उभं राहून ऑम्लेट खाल्लेला माणूस हा. आणि गेल्या भाद्रपदात एका पहाटे मी उठून बघते तो हे ओलेत्याने बाल्कनीत उभे, हातात काठी, दांडीवर धोतर, धोतराशेजारी चादरसुद्धा, आणि मला म्हणतात, "कुंदा, हात लावू नकोस. सोवळ्यात आहे." मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसून पुढे झाले. हे एक पाऊल मागे सरले. माझ्यापासून. तोंडावर असं काही होतं की मी तिथेच थांबले. त्याच आठवड्यात यांनी आपलं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर नेलं. सोवळ्यात असतो म्हणाले, वेगळं बरं.

आता बघा, माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिला आनंद झाला असता. नवरा देवाधर्माला लागला, म्हातारपण सुधारलं. मला मात्र त्या एका पावलाने जे झालं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. त्याला कारण दर्यापूर. लग्न होऊन मी दर्यापूरला सासरी गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. सासरे केशवराव, शाळेत मास्तर, आणि गावातल्या चार घरची पूजा त्यांच्याकडे. दर्यापूर म्हणजे खारं पाणी. साबण घासघासून हात दुखायचे पण फेस म्हणून यायचा नाही, आणि वाळलेल्या कपड्यांवर पांढरे पट्टे उमटायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी मी मागच्या पडवीतून घागर घेऊन येत होते. वर बघायला मान मोकळी नव्हती, डोक्यावर पदर, आणि दांडीवरचं धोतर वाऱ्याने घसरून डोळ्यांसमोर आलं. पडेल म्हणून मी झटकन धरलं. सासूबाई, गोदाबाई त्यांचं नाव, आतून म्हणाल्या, "हात लावलास?" ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "लावला." आणि तेवढ्यात हे कुठून आले कोण जाणे, अठ्ठावीस वर्षांचे, सनद घेऊन चार महिने झालेले. "लावला तर लावला," म्हणाले, माझ्या हातातून ते धोतर घेतलं आणि सगळ्यांसमोर, बापासमोर, त्या धोतराने आपलं घामेजलेलं तोंड खसाखसा पुसलं. केशवरावांनी धोतर उचललं आणि पुन्हा विहिरीवर गेले. चार दिवस बापलेकाचं बोलणं नव्हतं. मला त्या घरात मग काहीही सोसायला लागलं तरी चाललं असतं. माझं लग्न खरं त्या पडवीत लागलं, असंच मी धरून चालत आले.

आणि चव्वेचाळीस वर्षांनी तोच माणूस माझ्यापासून एक पाऊल मागे सरतो. मी गणिताची मास्तरीण, हिशेबाला पक्की, पण हे उत्तर माझ्याकडून काही केल्या येईना. यांचं वय झालं, बापाचं रक्त उलटलं, असं स्वतःला समजावून बघितलं. भांडून बघितलं. यांचं एकच, "तुला त्रास आहे का काही? माझं मी धुतो ना?" धुण्याला मनकर्णाबाई यायच्या. दहा वर्षं अकोल्यात कुणी परकं धुतलं तेव्हा चाललं, इथे मात्र हे त्यांना आपले कपडे देईनात. चादर नाही, धोतर नाही, अंगातली गंजीसुद्धा नाही. एकदा मनकर्णाबाईंनी माझ्यासमोर साबण खाली ठेवला आणि विचारलं, "काकू, एक सांगा. काकाजीले माया हाताचा विटाळ होते काय?" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. काय सांगणार? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मंग कपडे काहून नाई देत मले?" जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी त्या तेल्हाऱ्याला गेल्या त्या गेल्याच. फोन केला तर, पाहू काकू, पाहू. मी ओळखलं काय ते. तेव्हापासून माझं आणि घरातलं बाकीचं धुणं मी धुते. धुवायचं काही नाही हो, पिळायचं वाईट. माझं उजवं मनगट जुनंच अधू आहे. माझे वडील शेवटची सहा वर्षं अकोल्याला आमच्याकडे अंथरुणावर होते, तेव्हा रोज चादरी पिळून पिळून ते गेलेलं. आता पुन्हा सुजलं. डॉक्टर म्हणाले, पिळणं बंद. जुईली म्हणाली, आई, मशीन घ्या, उद्याच घ्या. अशी ही मशीनची गोष्ट निघाली.

यात आणखी एक खडा होता. महिन्यातून एकदा हे सकाळच्या गाडीने अकोल्याला जायला लागले. जुन्या अशिलाचं काम आहे म्हणायचे. कोणतं अशील, विचारलं की नाव सांगायचे नाहीत. वकिलाने नाव सांगू नये हे खरं, पण वकिली बंद होऊन पाच वर्षं झालेल्या माणसाने? मी ठरवून टाकलं, कुणीतरी महाराज भेटला आहे. त्याच्याच नादाने हे सगळं चाललंय. बायकोपासून दूर राहा, असं त्यानेच सांगितलं असणार. एकदा तो महाराज डोक्यात शिरला की मग सगळं जुळत गेलं. पहाटेचं उठणं, वेगळं झोपणं, हात न लावू देणं, कमी बोलणं. आणि म्हणून आज दुकानात यायच्या आधी मी एक काम केलं होतं. पलंगाखालच्या बॅगेत चार साड्या, दोन गाऊन आणि बीपीच्या गोळ्या भरून ठेवल्या होत्या. मनाशी पक्कं होतं. यांनी मशीनमध्येही सोवळं-ओवळं काढलं, माझे कपडे आणि यांचे कपडे एका मशीनमध्ये फिरायचे नाहीत असं म्हटलं, की मी जुईलीकडे जाणार. चार दिवसांसाठी नाही. कायमची. ज्या माणसाला माझी साडीसुद्धा आपल्या धोतराजवळ नको, त्याच्या घरात मी काय करू? सासष्टाव्या वर्षी कुणी घर सोडत नाही म्हणतात. मी सोडलं असतं.

वर्षाली आम्हाला एकेक मशीन दाखवत होती. ती रोज चांदूर बाजारहून येजा करते म्हणाली, बोलायला चुणचुणीत. सेमी दाखवलं. एका डब्यात धुवायचं, मग ओला बोजा उचलून दुसऱ्या डब्यात टाकायचा. मी मनगट पुढे केलं. तिनेच मान हलवली, "हे तुमच्या कामाचं नाई, काकू." मग टॉप लोड, वरून झाकण उघडणारं. मला ते एकदम आवडलं. वाकायला नको, गुडघे सुटले. मी म्हटलं हेच घेऊ. यांनी खिशातून जुन्या वकीलपत्राच्या पाठीमागे लिहिलेला कागद काढला. रुंदी, खोली, नळापासून अंतर, सगळं वळणदार अक्षरात. आणि उंचीसमोर लिहिलेलं मी वाचलं: 'जमिनीपासून धोतराच्या टोकापर्यंत, पस्तीस इंच.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छतापर्यंत नाही, दांडीपर्यंतसुद्धा नाही, धोतराच्या टोकापर्यंत! म्हणजे घरात मशीन यायचं ते धोतराला न शिवेल एवढंच. मी म्हटलं, "अहो, दांडी काढली तर?" हे म्हणाले, "दांडी राहील." मी म्हटलं, "मग माझे गुडघे?" हे म्हणाले, "फ्रंट लोड बघू. ते खाली बसतं." शांतपणे. कोर्टात तारीख मागितल्यासारखं. आणि त्यानंतर ते वाळवणाऱ्या मशीनचं काढलं. मी पाणी प्यायला म्हणून बाजूला झाले. तिथे उभी राहिले असते तर दुकानात तमाशा झाला असता, आणि मी मास्तरीण, आमची एखादी जुनी विद्यार्थिनी कुठे ना कुठे उभी असतेच.

पाणी प्यायले. मनात बॅगेची चेन लावून टाकली. जुईलीला फोन करायचा तर काय सांगायचं, याची वाक्यं जुळवायला लागले. बाबांचं वेगळं चाललंय, मला जमत नाही. तेवढंच सांगायचं. रडायचं नाही. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, निघायच्या आधी ते फ्रंट लोड एकदा बघावं म्हटलं. या माणसाने सव्वीस वेळा मोजून माझ्यासाठी काय पसंत केलंय ते तरी कळू दे. दुकानाच्या मागच्या अंगाला मशीनच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. मी अलीकडच्या रांगेत एका फ्रंट लोडसमोर गेले. त्याचं गोल काचेचं दार पार खाली. शेवटचा हातरुमाल काढायला किती वाकावं लागतं बघू, म्हणून मी उकिडवी बसले, दार उघडलं, आत हात घातला. आत थंड, स्वच्छ, नव्या भांड्याचा वास. आणि उठायला गेले तर गुडघे धरले. उठवेना. मशीनला धरून तशीच बसून राहिले, कुणाला हाक मारायची लाज वाटली. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून यांचा आवाज आला. हळू, पण तो आवाज मी बाजारातही ओळखेन. हे म्हणत होते, "बाई, एक विचारायचं होतं. आमची मंडळी पाणी प्यायला गेली आहे तोवर सांगा." मी कान टवकारले. म्हटलं आला तो प्रश्न. दोन वेगवेगळी मशीनं मागणार.

हे म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण ओलं होते. म्हणजे माझंच. लघवीनं. आधी कधीमधी व्हायचं, आता रोजच म्हणा ना. तर त्याचा वास मशीनमध्ये राहतो का? कारण हिच्या साड्या त्यातच जातील. त्यांना लागायला नको." मग वर्षालीचा आवाज, एकदम घरातल्यासारखा, "काकाजी, त्यात एवढं लाजाचं काय हाय? माया आजीचं बी तसंच हाय. पयले थंड्या पान्यातून काढाचं, मंग हीटरवर लावाचं. वास-बिस काई ऱ्हात नाई. पण काकूले मालूम नाई काय?" हे म्हणाले, "नाही. तिला वाटते मी सोवळं करून राहिलो." "अन् सांगत काहून नाई?" मी मशीनच्या दाराला धरून बसलेली. "तिच्या वडिलांचं तिने सहा वर्षं केलं," हे म्हणाले. "रोज चादरी. हात गेला तिचा त्यात. ते गेले त्या दिवशी मी मनाशी म्हटलं होतं, आता हिच्यावर पुन्हा ही पाळी येऊ द्यायची नाही. आणि आता मीच... कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून ते वाळवायचं विचारलं. दोरीवर रोज चादर दिसली का लोक विचारतात. दारं लावून आतल्या आत झालं तर बरं."

लघवी! देवा, नुसती लघवी! महाराज नाही, विटाळ नाही, मन उठलं नाही माझ्यावरचं. माझा जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज पलीकडे गेला असेल असं मला वाटलं. मी तोंडात पदर कोंबला. हसू येत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि दोन्ही एकाच वेळी आवरणं या वयात सोपं नाही. सात महिने! सात महिने मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पस्तीस वर्षं पोरींना ओरडून सांगितलं, आधी दिलेलं नीट वाचा, उत्तराची घाई नको. आणि माझ्यासमोर काय काय दिलेलं होतं? पहाटेची अंघोळ. वेगळं अंथरूण. आणि चादर! सोवळ्यात चादर कोण धुतं, कुंदाबाई? दर्यापूरला सासऱ्यांची चादर कधी दांडीवर होती का? सरळ सरळ समोर लिहिलेलं, आणि मी महाराज काढत बसले. आणि हे! वकील! लपवायला दुसरं काही सुचलं नाही, तर बापाची दांडी सुचली. जिला आयुष्यभर हसले तिच्याच आड जाऊन उभे राहिले. ते एक पाऊल मागे सरणं मला आठवलं. ओलेत्याने उभे होते, नुकतंच धुतलेलं. मला वास येईल म्हणून सरले असतील. मी विटाळ म्हणून घेतलं. राग आला मला, नाही असं नाही. त्या मनकर्णाबाईला काय वाटलं असेल, त्याचा राग तर फारच आला, आणि त्याचा जाब मी विचारणार होतेच. पण त्या रागाखाली जे होतं ते इतकं हलकं होतं की मला वाटलं आता गुडघ्यांशिवायच उठेन. उठवलं नाही ते वेगळं.

शेवटी मी हाक मारली. "अहो!" मग दोघं वळसा घालून आले. यांचा चेहरा पांढराफटक. मी खाली, उकिडवी, पदर विस्कटलेला, डोळे लाल. किती ऐकलं, हे विचारायची यांना गरज पडली नाही आणि मीही सांगितलं नाही. वर्षाली पुढे झाली तिला मी थांबवलं. म्हटलं, "तू नको गं बाई. अहो, हात द्या." हे जागच्या जागी उभे. "द्या ना, गुडघे धरलेत." यांनी हात पुढे केला. सात महिन्यांनी धरला मी तो. गार पडला होता. मी सगळा भार टाकून उठले आणि उठल्यावर सोडला नाही. तसाच धरून वर्षालीला म्हटलं, "हेच दे, हीटरवालं. वाळवायचं नको, ऊन आहे आम्हाला. आणि गरम पाण्याचं बटण कोणतं ते मला नीट दाखव, आमच्याकडे चादरी रोज निघतात." आमच्याकडे, असंच म्हटलं मी. यांनी माझ्याकडे बघितलं. ती पोरगी मोठी समजूतदार, तिने लगेच खाली बसून बटणं दाखवायला सुरुवात केली. मग म्हणाली, "काकू, पण तुमाले वाकाले तरास होईन. याले खाली स्टँड घ्या. सहा इंच वर होते." मी यांच्याकडे वळले. "सहा इंच वर झालं तर धोतराला लागेल हो. तुमच्या कागदात बसत नाही." यांनी तो वकीलपत्राचा कागद अजून दुसऱ्या हातात धरला होता. त्याची चौघडी केली, खिशात टाकला. "दांडी काढू," म्हणाले.

ऑटोत बसलो, ऑटो राजापेठेला वळला. मग मीच म्हटलं, "डॉक्टरला दाखवायचं. उद्या." हे बाहेर बघत म्हणाले, "दाखवलं आहे. अकोल्याला. प्रोस्टेट वाढलं आहे. साधं आहे म्हणाले, तपासून झालं सगळं. गोळी बदलून दिली आहे, कमी होईल." म्हणजे जुनं अशील ते हे! "अमरावतीत डॉक्टर नव्हते?" मी विचारलं. "इथे सगळे जुईलीच्या ओळखीचे," हे म्हणाले. मला पुन्हा हसू फुटलं. ऑटोवाला आरशातून बघायला लागला. मी म्हटलं, "मी महाराज समजत होते." "कोण महाराज?" "जाऊ द्या." मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "मनकर्णाबाईंचं काय? त्यांना वाटतं तुम्ही त्यांचा विटाळ मानता." यांनी मान खाली घातली. इतकी खाली की मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी यांनी तेल्हाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि उभ्यानेच सांगितलं. आडपडदा न ठेवता, लघवी हा शब्द उच्चारून, आणि शेवटी, "माझं चुकलं, मनकर्णाबाई." तिकडे बाळ रडत होतं. मग मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता गं माय! एवढंच होतं व्हय? मी तं पोरीले सांगून बसली, का काकाजी बिघडले म्हनून. अवो, सासऱ्याचं धुतलं, सासूचं धुतलं, तुमचं का भारी हाय?" आणि मग मोठ्याने, "येतो मी. पंधरा दिवसानं येतो. मशीन घेतलं तरी मले सोडू नोका."

तिसऱ्या दिवशी मशीन आलं. बाल्कनीत ते बसवायला दार काढावं लागलं, बादल्या हॉलमध्ये आल्या, केरसुणीला जागाच उरली नाही. दांडी यांनी स्वतः काढली, स्टुलावर चढून, मी स्टूल धरून. तिचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, पडदा लाव तिच्यावर. त्या रात्री मी दिवाणावरची उशी उचलून आतल्या पलंगावर ठेवली, आणि गादीवर आधी माझ्या वडिलांच्या वेळचं जुनं मेणकापड घातलं. यांनी बघितलं. आले गुमान. पहाटे मला जाग आली तेव्हा हे आधीच उठून अंघोळीला गेले होते, आणि चादर चोरासारखी गुंडाळून बाल्कनीतल्या बादलीत ठेवली होती. सवय हो, जाते का लगेच. मी बादलीत हात घातला. थंड पाण्यातून काढली, वर्षालीने सांगितलं होतं तशी, पिळली नाही, तशीच मशीनच्या पोटात टाकली. मग पलंगाखालची बॅग ओढली, तिच्यातल्या चार साड्या काढल्या. धुतलेल्याच होत्या, घडीच्या. त्याही त्यातच टाकल्या. गोल दार लावलं, बटण दाबलं. तेवढ्यात न्हाणीघराच्या दारामागून यांचा आवाज आला, तोच जुना, धास्तावलेला.

"कुंदा, चादरीला हात लावलास?"

माझे हात कोपरापर्यंत ओले होते. "लावला," मी म्हटलं.

आत पाणी पडायचं थांबलं. मशीन हळूहळू पाणी भरून घेत होतं.

"लावला तर लावला," आतून हे म्हणाले.